नाते-जाहीरनाम्याचं पाकीट

१

गुरुवार, १७ सप्टेंबर १९८७. सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी पाटखार नगरपालिकेचे मुख्य लिपिक धोंडू कोतवडेकर यांनी लोखंडी कपाट उघडलं, बालवाडी शिक्षिकेच्या भरतीची फाईल काढली, तिची नाडी सोडली आणि म्हणाले, “पाकीट नाही.”

टेबलापलीकडे चौकशी अधिकारी सावित्री मोहिते बसल्या होत्या. सकाळची एस.टी. धरून, भाट्याचा पूल ओलांडून, सव्वा तासाचा प्रवास करून त्या रत्नागिरीहून आल्या होत्या, आणि आल्या होत्या त्या पाकिटासाठीच.

“नीट बघा,” त्या म्हणाल्या.

कोतवडेकरांनी फाईल पान-पान उलटली. अर्ज होते, गुणपत्रक होतं, पत्रव्यवहार होता. लाखेची मोहोर लावलेलं खाकी पाकीट नव्हतं.

पाकिटात पाच कागद होते. मुलाखत घेणाऱ्या तीन सदस्यांचे तीन आणि शेवटच्या यादीतल्या दोन उमेदवारांचे दोन. मुलाखतीच्या दिवशी, २४ ऑगस्टला, प्रत्येकाने आपलं नातं जाहीर करायचं, कागद पाकिटात जायचा, मोहोर लागायची. तक्रार आली तरच पाकीट फोडायचं. नातं असणं हा गुन्हा नव्हता. नातं जाहीर करणाऱ्या सदस्याने त्या उमेदवाराच्या वेळी उठून बाहेर जायचं, एवढंच. लपवलं तर मात्र सदस्याचे गुण बाद आणि त्याच्यावर कारवाई. उमेदवाराने लपवलं, किंवा त्याचा जाहीरनामाच नसला, तर उमेदवार अपात्र.

तक्रार सोमवारी आली होती. निनावी. ‘तुळसा शितप हिची निवड झाली. समितीचे सभापती बाबू शितप. शहाण्यास अधिक सांगणे न लगे.’

शनिवारी दुपारी तीनला पालिकेची सभा होती. तोवर पाकीट मिळालं नाही तर निवड रद्द होऊन पद दिवाळीनंतर पुन्हा जाहीर होणार होतं. सावित्रीबाईंनी तुळसाचा अर्ज बघितला. वयाची अट तीस वर्षांची. तुळसाला अकरा ऑक्टोबरला तीस पुरी होत होती. पुन्हा अर्ज करण्याची सोय तिला राहिली नव्हती.

“कपाटाच्या चाव्या किती?”

“दोन. एक माझ्याकडे. दुसरी सभापतींच्या खोलीत खिळ्याला.”

“पाकीट शेवटचं कधी बघितलंत?”

कोतवडेकरांनी चष्मा काढून पुसला. “मंगळवारी होतं.”

२

सभापती बाबू शितप यांचं सोड्याचं आणि बर्फाचं दुकान होतं. सारा गाव त्यांना बाबूशेठ म्हणत असे. ते आपल्या खोलीत आले तेच तापलेले.

“मॅडम, मी उभ्या जन्मात त्या बाईला मुलाखतीच्या दिवशी पहिल्यांदा बघितली. आडनाव एक म्हणून नातं झालं? मग टपाल कचेरीतला शितप माझा कोण? आणि खालच्या आळीतला तो दारूडा शितप? तो तर मला फुकटच मिळाला म्हणायचा.”

“तुम्ही जाहीरनाम्यात काय लिहिलंत?”

“नाही म्हणून लिहिलं. आमचे शितप केळशीकडचे, हे इथले. देव वेगळा, भावकी वेगळी. पण हे सांगायचं कुणाला? काल न्हाव्याने दाढी करता करता विचारलं, सूनबाई लागली का नोकरीला. वस्तरा गळ्यावर होता म्हणून गप्प बसलो.”

दुसऱ्या चावीचा खिळा त्यांच्या खुर्चीमागे होता. चावी लटकत होती. मंगळवार-बुधवार दोन्ही दिवस आपण दुकानातच होतो आणि खोली उघडी होती, असं ते म्हणाले. म्हणजे चावी कुणीही घेऊ शकलं असतं.

खिळ्याशेजारी नवी चौकट टांगली होती. सावित्रीबाई उठून तिच्यापुढे उभ्या राहिल्या. खाडीचा धक्का, गर्दी, मधोमध फेटा बांधलेले बाबूशेठ, हातात सोनेरी कागदात गुंडाळलेला नारळ. बाजूला हळदकुंकवाचं तबक घेतलेल्या एक बाई.

“नारळी पुनवेचा फोटो,” बाबूशेठचा आवाज उतरला. “गावचा नारळ खाडीत सोडायचा मान पालिकेचा. एकोणीस वर्षं कोतवडेकर भाऊसाहेबच सोडतात. यंदा म्हणाले, कंबर धरलीय, तुम्ही सोडा. मी कशाला नाही म्हणतोय?”

“या तबक घेतलेल्या बाई?”

“मुख्याध्यापिका. कमलाबाई. समितीत मी, भाऊसाहेब आणि या तिसऱ्या. नारळाची पूजा त्यांनीच केली.”

फोटोच्या अगदी कडेला, दिव्याच्या खांबापाशी, गर्दीपासून चार हात लांब एक माणूस उभा होता. पांढरा सदरा, चष्मा, हात मागे बांधलेले.

“आणि हे कोतवडेकर.”

“तेच. बघा, कंबर धरली तरी आले. माणूस कामाचा पक्का.”

सावित्रीबाईंनी वहीत तारीख लिहून घेतली. रविवार, ९ ऑगस्ट.

३

कमलाबाई शाळेच्या ओट्यावर भेटल्या. मंगळवारी त्या दोन तास पालिकेत बसून शाळेचे तक्ते भरत होत्या, त्याच कपाटाशेजारच्या टेबलावर. हे त्यांनी विचारण्याआधीच सांगितलं.

“माझ्यावर संशय घ्या, माझी हरकत नाही. पण त्या मुलीचं नुकसान करू नका. मुलाखतीत तिला सांगितलं, समोर पंचवीस मुलं रडतायत असं समजा. तिने पदर खोचला, खाली बसली आणि जमिनीवर बोटाने खेकडा काढायला लागली. आम्ही तिघंही वाकून बघायला लागलो. मी बावीस दिले. चोवीस द्यायला हवे होते.”

सावित्रीबाईंनी गुणपत्रक मांडीवर पसरलं. पंचवीसपैकी गुण. तुळसा शितप: बाबूशेठ अठरा, कमलाबाई बावीस, कोतवडेकर तेरा. एकूण त्रेपन्न. दुसरी उमेदवार विमला पाथरे: सतरा, अठरा, सतरा. एकूण बावन्न.

“एका गुणाने.”

“म्हणूनच लोकांना फावलं. कोतवडेकरांनी तेरा का दिले ते मला आजवर कळलं नाही. एकच प्रश्न विचारला, तोही टेबलाकडे बघून. पाण्याचं चक्र कसं असतं म्हणे. बालवाडीला! विमलाला मात्र तीन प्रश्न, आणि हसून.”

“त्यांचं आणि शितपांचं काही वाकडं आहे?”

“कोतवडेकर वाकडं घेण्यातले नाहीत. नियमाचं पुस्तक आहे ते. हा जाहीरनाम्याचा नमुनासुद्धा त्यांनीच तयार केला. वरून आलेल्या पत्रात रक्ताचं आणि लग्नाचं नातं एवढंच होतं. यांनी हाताने ‘भावकीसह’ हा शब्द घातला. म्हणाले, बाई, आपल्याकडे पळवाट तिथूनच निघते.”

परत येताना शिपाई बाळा छत्री धरून सोबत होता. पालिकेत सत्तावीस वर्षं झालेला, अर्ध्या गावाला नावानिशी ओळखणारा माणूस.

“बाळाभाऊ, कोतवडेकरांची कंबर आता बरी आहे का?”

“कंबरेला काय झालंय त्यांच्या?”

“नारळी पुनवेला धरली होती ना?”

बाळा थांबला. छत्री बाजूला झाली आणि सावित्रीबाईंच्या खांद्यावर पाणी पडलं.

“नाय ओ मॅडम. त्या दिवशी दुपारी पालिकेचं शिसवी बाकडं आम्ही दोघांनी धक्क्यावर नेलं, पाहुण्यांना बसायला. पुढचं टोक त्यांनी धरलं. मीच दोनदा खाली ठेवायला लावलं. ते म्हणत होते, बाळा, म्हातारा झालास.”

४

तुळसाचं घर गावाबाहेर, कातळ संपून भाताची खाचरं सुरू होतात तिथे. नवरा मुंबईला गिरणीत होता, संपानंतर परत आला, आता काजूच्या कारखान्यात जातो. तो घरी नव्हता. तुळसा पडवीत तांदूळ निवडत होती. तिने सूप बाजूला ठेवून पाट मांडला.

“पाकीट हरवलंय ते कळलंय?” सावित्रीबाईंनी विचारलं.

“गावाला कळलंय, मला कसं नाही कळणार?”

“जाहीरनाम्यात तुम्ही काय लिहिलंत?”

“खरं तेच लिहिलं.”

“म्हणजे काय?”

“मॅडम, आता मी तोंडाने काही सांगितलं तर लोक म्हणतील, पाकीट गेल्यावर सुचलं. पाकीट मिळालं की वाचा. नाही मिळालं, तर माझ्या सांगण्याला किंमत काय?”

“न मिळालं तर तुमची नोकरी जाईल. तुम्हाला मदत होईल असं एखादं नाव सांगता येत असेल तर सांगा.”

“नाव सांगून माझी नोकरी राहील आणि दुसऱ्या कुणाचं तरी जाईल.” तिने सूप पुन्हा उचललं. “या वयात.”

सावित्रीबाई त्या शेवटच्या दोन शब्दांपाशी अडकल्या. बाबूशेठ बेचाळीसचे. कमलाबाई सेहेचाळीसच्या.

संध्याकाळी विश्रामगृहात त्यांनी फाईलमधला पत्रव्यवहार उघडला. तारखेने लावलेले सात कागद. चौथा कागद तुळसाच्या अक्षरातला, ८ ऑगस्टचा.

‘माझे सासरे दिनांक ५ रोजी वारले. घरात सुतक असल्याने दिनांक १० च्या मुलाखतीस येता येणार नाही. कृपा करून पुढील तारीख मिळावी.’

खाली कोतवडेकरांचा शेरा: ‘विनंती रास्त. मुलाखत २४ रोजी ठेवावी.’

पाच तारखेपासून दहा दिवस. नारळी पुनव नऊ तारखेची.

सावित्री मोहित्यांच्या घरात सुतक पाळत नव्हते. छप्पन्न साली, त्या चौदा वर्षांच्या असताना, बुरोंडीजवळच्या त्यांच्या वाडीने धर्म बदलला आणि त्याबरोबर हे सारं सोडलं. पण त्याआधीची चौदा वर्षं त्यांनी लांब उभं राहून गावाकडे बघितलं होतं. कोण देवळात जात नाही, कोण पूजेला हात लावत नाही, कोण आपणहून खांबापाशी उभा राहतो. सुतकातला माणूस त्यांना फोटोतही ओळखता आला असता.

ओळखता आला होता.

५

शुक्रवारी सकाळी त्यांनी कोतवडेकरांना अभिलेख कक्ष उघडायला सांगितला. नाव मोठं, खोली लहान. तीन भिंतींना लाकडी घोड्या, त्यांवर लाल कापडात बांधलेली जुनी दप्तरं. त्या कापडाला कचेरीत रुमाल म्हणतात. पावसाळाभर बंद राहिलेल्या त्या खोलीत रुमालांच्या गाठींवर करडी बुरशी धरली होती.

“बसा, कोतवडेकर.”

“मी उभा बरा आहे.”

“कंबर दुखेल.”

ते बसले.

“मी काय बघितलं ते सांगते. चुकलं तर थांबवा. सगळ्यांनी आडनावाकडे बघितलं. पण तुळसाच्या घरात सुतक होतं तेव्हा बाबूशेठांनी गावचा नारळ सोडला. कमलाबाईंनी त्याची पूजा केली. या दोघांना ते सुतक लागत नव्हतं, म्हणजे ही दोघं तिच्या भावकीत नाहीत. तिसऱ्या सदस्याने एकोणीस वर्षांचा मान सोडला आणि तो लांब उभा राहिला.”

“कंबर...”

“दुपारी शिसवी बाकडं उचललंत. आता तुम्ही म्हणाल, सुतक दुसऱ्या कुणाचंही असेल. ते मलाही वाटलं. पण मग तुम्ही तसं सांगितलं असतंत. पाटखारमध्ये सुतक कुणी लपवत नाही, लपवलं तर पाप लागतं म्हणतात. तुम्ही पाळलंत आणि लपवलंत. दोन्ही एकदम. असं एकाच मयताच्या बाबतीत होऊ शकतं. ज्याची सून तुमच्याच समितीपुढे यायची होती.”

बाहेर कौलावरून पाणी पडत होतं.

“तेरा गुणांनी मला एक दिवस फसवलं. नातेवाईक माणूस गुण वाढवतो, असंच आपण धरून चालतो. तुम्ही कापलेत. कुणाला वास येऊ नये म्हणून.”

“माझे आजोबा शितप,” कोतवडेकर म्हणाले. “कोतवड्याला जाऊन राहिले, तिथून हे आडनाव लागलं. तिच्या सासऱ्याचे आजोबा आणि ते सख्खे भाऊ. पुढे कलमांच्या हद्दीवरून भांडण झालं. तेवीस वर्षं एकमेकांच्या घरी पाणी प्यायलेलो नाही. मुलाखतीच्या दिवशी कागद पुढे आला तेव्हा मनात म्हटलं, हे कसलं नातं? आणि होय लिहिलं तर मी बाहेर जाणार, उद्या लोक म्हणणार, हेडक्लार्कची सून लागली. चौतीस वर्षांत माझ्यावर बोट नाही.”

“त्याच्या नऊच दिवस आधी सुतक फिटलं होतं तुमचं.”

“हो.” त्यांनी चष्मा काढला. “वडिलांनी सांगून ठेवलं होतं, बोलणं सोडलंस तरी सुतक सोडू नकोस. ते पाळलं. आणि कागदावर नाही लिहिलं. भावकी हा शब्द मीच घातला होता त्यात.”

“पाकीट कुठे आहे?”

“समजा, मी जाळलं असलं तर?”

“तुम्ही? आवक क्रमांक पडलेला कागद?” सावित्रीबाई उठल्या आणि घोड्यांपुढून हळूहळू चालत गेल्या. “चार महिन्यांनी तुम्ही निवृत्त होणार. तोवर पाकीट मिळू नये, पण कागद शाबूत राहावा. जिथे कुणी हात घालणार नाही अशा जागी तुम्ही तो ठेवला असणार.”

खालच्या फळीवर, डावीकडून सहावा रुमाल. चिठ्ठीवर ‘देवीची लस टोचणी, सन १९६१’. जो रोगच जगातून गेला, त्याचं दप्तर मागायला कोण येणार? बाकी सगळ्या गाठी करड्या होत्या. ही एक लाल होती.

त्यांनी गाठ सोडली नाही. बाजूला झाल्या.

“तुम्ही सोडा. एक विचारते. तिचा अर्ज तुम्हीच तपासलात. अकरा ऑक्टोबर तुम्हाला माहीत होती?”

“बुधवारी संध्याकाळी पाकीट इथे ठेवलं, तेव्हापासून तेवढी एकच तारीख डोक्यात आहे,” कोतवडेकर म्हणाले आणि खाली बसले. गाठ त्यांनीच मारलेली होती, तरी सुटायला वेळ लागला.

मोहोर शाबूत होती.

“उघडलं नाहीत?”

“मोहोर फोडायचा अधिकार मला नाही.”

सावित्रीबाईंनी पाकीट फोडलं. बाबूशेठ: नाही. कमलाबाई: नाही. विमला पाथरे: नाही. धोंडू रामा कोतवडेकर, टपोऱ्या, सरळ अक्षरात: नाही.

पाचवा कागद त्यांनी वाचला आणि कोतवडेकरांच्या हातात दिला.

‘होय. मुख्य लिपिक श्री. धोंडू कोतवडेकर हे माझे चुलत सासरे लागतात. येणेजाणे नाही. सुतक लागते.’

ते कागद बराच वेळ धरून होते. चार ओळींना इतका वेळ लागत नाही.

“तिने लिहिलं होतं,” ते म्हणाले. “आणि मीच हा कागद...”

“काल मी तिला नाव विचारलं,” सावित्रीबाई म्हणाल्या. “तिने दिलं नाही. या वयात दुसऱ्याचं जाईल, म्हणाली.”

६

अहवाल दीड पानांचा झाला. त्यात सारं होतं: पाकीट कुणी हलवलं, कुठे मिळालं, मोहोर शाबूत होती, आणि नातेवाईक सदस्याने उमेदवाराला तिघांत सर्वांत कमी गुण दिले होते, हेही. कोतवडेकरांनी स्वतःचं निवेदन स्वतःच लिहून दिलं. खाडाखोड नव्हती. निनावी पत्र कुणी लिहिलं ते सावित्रीबाईंनी शोधलं नाही. ज्याच्यावर बोट होतं तो त्यातून सुटला होता.

शनिवारी तीनला सभा भरली. नियमाप्रमाणे कोतवडेकरांचे गुण दोन्ही उमेदवारांच्या बेरजेतून काढले. तुळसा चाळीस, विमला पस्तीस. एका गुणाचं अंतर पाचाचं झालं. बाबूशेठ मोठ्याने म्हणाले, “न्हाव्याला कुणीतरी सांगा रे,” आणि सभागृह हसलं.

कोतवडेकरांच्या सेवापुस्तकात ठपका नोंदवायचं ठरलं. कमलाबाईंनी निवृत्ती जवळ आल्याचं सांगून बघितलं. कोतवडेकर उभे राहून म्हणाले, “नोंदवा. मी नमुना दाखवतो, कोणत्या पानावर घेतात ते.”

मग नेमणुकीचा ठराव आला. सभेत ठराव वाचून दाखवणं हे मुख्य लिपिकाचं काम. कोतवडेकरांनी कागद हातात घेतला, वरचं नाव बघितलं आणि तो शेजारच्या कनिष्ठ लिपिकापुढे सरकवला.

“उमेदवार माझ्या भावकीतली आहे,” ते सभेला म्हणाले. “मला बाहेर जायला हवं.”

त्यांनी खुर्ची मागे घेतली, पायात वहाणा घातल्या आणि दार लोटून बाहेर आले.

व्हरांड्यातल्या शिसवी बाकावर तुळसा बसली होती. त्यांना बघून ती उठली. ते बसले नाहीत, तीही बसली नाही. आत कनिष्ठ लिपिक अडखळत ठराव वाचत होता.

“तुझ्या सासऱ्याच्या दिवसांना मी आलो नाही,” कोतवडेकर म्हणाले.

“हो.”

“यायला हवं होतं.”

तुळसाने पदर सारखा केला. “बाळाभाऊंनी सांगितलं होतं, तुम्ही यंदा नारळ सोडला नाहीत म्हणून. तेव्हाच घरात म्हटलं, आपल्यासाठी कुणीतरी पाळतंय.” तिने बाक पदराने पुसलं. “बसा, मामंजी. आत अजून वेळ लागेल.”